पॉइंटपासून इरिडियमपर्यंत

जुन्या गाडीला कोणता प्लग घ्यावा, असं कामथडीत कुणी विचारलं तर त्याला आधी उलट विचारावं लागतं: गाडी रोज जाते कुठे? गाव पुणे-सातारा हमरस्त्यावर आहे. इथली एखादी गाडी रोज चाळीसेक किलोमीटर धावून पुण्याला कामाला जाते, कात्रजचा चढ ओलांडते आणि शहरातल्या कोंडीत तासभर गुरगुरत उभी राहते. दुसरी नसरापूरचा बाजार आणि कपूरहोळचं दुकान यांच्यापलीकडे फारशी जात नाही. इंजिन पुरतं तापायच्या आत ती पुन्हा दारात येते. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या असल्या तरी दोन्हींचे प्लग काढून शेजारी ठेवले तर एकाच इंजिनातले वाटत नाहीत.

याचं कारण तापमानात आहे. प्लगचं टोक साधारण 500 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावरची काजळी जळून जाते, प्लग स्वतःच साफ होतो. 850 ते 900 अंशांच्या पलीकडे गेलं तर तापलेलं टोकच ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतं आणि पिस्टनची वाट लागते. प्लगने आयुष्यभर या दोन आकड्यांच्या मध्ये राहायचं असतं. गेल्या चाळीस वर्षांत या रस्त्यावरच्या गाड्या, पेट्रोल आणि खुद्द रस्ताही बदलला. प्लगचे डबेही बदलत गेले. हे दोन आकडे मात्र होते तिथेच आहेत.

1980 च्या दशकात या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग 4 म्हणत आणि तो दुपदरी होता. त्यावरून धावायच्या त्या ॲम्बॅसिडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तीन सिलिंडरची, म्हणजे तीनच प्लगांची. या गाड्यांत ठिणगीचा कारभार डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट बघत. पॉइंट झिजत, त्यांच्यावर खड्डे पडत, टायमिंग हलायचं, करंट कमी पडायचा. त्यातून कार्ब्युरेटरचं मिश्रण जरा जाड झालं की प्लग काळा आणि गाडी मिसिंग मारायला लागली, हे ठरलेलं. पावसाळ्यात त्यात ओलाव्याची भर पडे. भोरच्या पावसात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीच्या वायरींवरून करंट बाहेरच्या बाहेर उडून जायचा आणि दोष बिचाऱ्या प्लगवर यायचा.

त्या काळात प्लग निवडणं असा प्रकारच नव्हता. दुकानात जाऊन लोक प्लग मागत नसत, मायको मागत. बॉशच्या सहकार्याने 1951 मध्ये स्थापन झालेली बंगळुरूची ही कंपनी. नाशिकच्या तिच्या कारखान्यामुळे तिथल्या एका चौकालाही तेच नाव मिळालं. 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी जुने मिस्त्री अजून मायकोच म्हणतात. निवडीला वाव नव्हता, म्हणून सगळं कसब प्लग जगवण्यात जाई. प्लगपान्याने तो काढायचा, पेट्रोलमध्ये बुडवायचा, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासायचा, फीलर गेज घालून दोन टोकांमधली गॅप सेट करायची आणि पुन्हा बसवायचा. ही काटकसर त्या प्लगाला चालून जाई. निकेलमिश्रित धातूचं त्याचं मधलं टोक जवळपास अडीच मिलिमीटर जाडीचं असे. घासून थोडं झिजलं तरी पुष्कळ शिल्लक राही.

पहिला मोठा बदल पेट्रोल पंपावर झाला. तोवरच्या पेट्रोलमध्ये शिसं असे. इंजिनाची खडखड त्याने दबायची, पण शिशाचा थर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बसायचा आणि तापल्यावर त्यातूनच करंट गळायचा. एप्रिल 1995 पासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिसं हटलं ते माणसांच्या तब्येतीसाठी, पण त्याच्यामागोमाग प्लगचं आयुष्यही वाढलं.

त्याच सुमारास पॉइंट आणि कार्ब्युरेटर दोघेही निवृत्त झाले. 1998 मध्ये सँट्रो आणि पुण्याची इंडिका, 1999 मध्ये वॅगन आर, 2000 मध्ये अल्टो. पेट्रोल गाड्यांत इंधनाचा हिशेब संगणक बघू लागला आणि एमपीएफआय ही अक्षरं खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या तोंडी बसली. संगणक आला म्हणून प्लगमध्येही एक भाग वाढला. ठिणगी उडताना रेडिओलहरीही उठतात. पूर्वी त्यांनी गाडीतल्या रेडिओत खरखर व्हायची, एवढंच. आता त्या संगणकाच्या सेन्सरांना गोंधळात टाकू शकतात. म्हणून प्लगच्या पोटात साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर बसवला गेला. डब्यावरच्या क्रमांकात तो आर या अक्षराने ओळखायचा. पद्मिनीला चालणारा बिन-आरचा प्लग एमपीएफआय गाडीच्या आट्यांत व्यवस्थित बसतो, गाडी सुरूही होते. त्रास पुढे सुरू होतो आणि तो शोधता शोधता लोक सेन्सर बदलत बसतात.

यानंतरचं दशक सेकंडहँड गाड्यांचं. शहरात सात-आठ वर्षं वापरलेल्या गाड्या खाली उतरून भोर-वेल्ह्याच्या गावांत आल्या आणि इथे त्यांनी नव्याने नोकरी धरली. रस्ता आधी चौपदरी झाला, मग 2010 च्या सुमारास सहापदरीचं काम निघालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. गाडीने एकाच फेरीत मोकळ्या रस्त्यावर शंभरी गाठायची आणि वळणरस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये सरकायचं, असं सुरू झालं. दरम्यान दुकानात मायकोच्या जोडीला एनजीके, डेन्सो, चॅम्पियन यांचे डबे लागले. निवड शक्य झाली आणि तिच्याबरोबर गफलतही.

सर्वांत मोठी गफलत आकड्याची. प्लग किती लवकर उष्णता इंजिनाच्या हेडकडे सोडतो त्यावरून तो थंड की गरम ते ठरतं, आणि क्रमांकातला एक आकडा हेच सांगतो. पण एनजीकेत आकडा चढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये आकडा चढला की गरम. एनजीकेच्या बीपीआर 6 ईएसला जवळचा बॉशचा प्लग डब्ल्यूआर 7 डीसी, म्हणजे सहाला सात. दुकानदाराने सहाला सहा म्हणून बॉशचा सहा दिला तर गिऱ्हाईक एक पायरी थंड प्लग घेऊन जातं. पुण्याला जाणारी गाडी तो पचवेल. गावातल्या गावात फिरणारीचा मात्र काळा पडत राहील.

आट्यांच्या लांबीचंही तसंच. चौदा मिलिमीटरचे आटे बहुतेक गाड्यांत सारखे, पण लांबी कुठे 12.7 मिलिमीटर, तर कुठे 19. आखूड प्लग लांब भोकात बसतो, पण उघड्या राहिलेल्या आट्यांवर काजळी चढते आणि पुढे योग्य प्लग बसवायला गेलं की हेडचे आटे जातात. उलट लांब प्लग आखूड भोकात घातला तर तो थेट पिस्टनला भिडू शकतो.

याच पिढीतल्या अनेक गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर जाऊन दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल आली. ती दोन्ही प्लगांवर एकदमच ठिणगी टाकते. एकीकडे मिश्रण पेटतं, दुसरीकडे धूर बाहेर पडत असताना ठिणगी वाया जाते. साधं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 2400 फेऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला वीस वेळा पेटतो, तासाला 72 हजार. या जोडकॉइलच्या गाडीत हाच आकडा दुप्पट होतो. शिवाय जोडीतल्या एका प्लगात करंट उलट दिशेने वाहतो, त्यामुळे एकाचं मधलं टोक झिजतं आणि दुसऱ्याचं बाहेरचं. तपासायला काढलेले प्लग ज्या सिलिंडरचे त्यातच परत घालावेत ते यासाठी. फक्त मधल्या टोकाला प्लॅटिनम असलेला प्लग या गाड्यांत अर्धाच कामाला येतो, तोही याच कारणाने.

2010 मध्ये मारुतीने कारखान्यातूनच सीएनजी बसवलेल्या गाड्या बाजारात आणल्या आणि पुढे पंप वाढत गेले तसं रोज पुण्याला जाणाऱ्यांचं गणित बदललं. सीएनजीने प्लगला काजळीतून सोडवलं, पण ठिणगीचं काम अवघड केलं. हा वायू पेट्रोलपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला पेटतो आणि त्यात ठिणगी पाडायला दाबही जास्त लागतो, विजेचा दाब. झिजून गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर गुपचूप चालत राहतो. सीएनजीवर तोच कात्रजच्या चढाला धक्के देतो. म्हणून सीएनजीच्या गाडीत गॅप कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात. तसं केलं नाही तर वाढत्या दाबाचा भार कॉइलवर पडतो. एका कॉइलच्या पैशांत प्लगांचे किती तरी संच येतात.

इरिडियमचा बोलबालाही याच काळातला. हा धातू सुमारे 2446 अंशांना वितळतो, म्हणून त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक करता येतं. टोक बारीक असल्यावर ठिणगी कमी दाबात उडते. निकेलचा प्लग साधारण 20 ते 40 हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा लाखाच्या आसपास. किंमत अर्थातच कितीतरी पट. वर्षाला वीस हजार किलोमीटर पळणाऱ्या सीएनजीच्या गाडीत ते पैसे वसूल होतात. ऑइल खाणाऱ्या थकल्या इंजिनात होत नाहीत, कारण ऑइलचा थर बसला की निकेल काय आणि इरिडियम काय, दोन्ही सारखेच बंद पडतात. मायकोच्या काळातली ब्रश मारायची सवय तर इथे घातकच. ते बारीक टोक एका घासण्यात तुटतं. गॅप वाकवून सेट करायला गेलं तरी तेच. महाग प्लगांबरोबर नकली प्लगही आले. अस्पष्ट छपाई, खरखरीत आटे, तिरपं टोक, हे डबा उघडून दुकानातच बघून घ्यावं.

आता पुन्हा पेट्रोल बदललं आहे. 2023 मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं आणि दोनेक वर्षांत सगळीकडे तेच झालं. शेजारच्या निगड्याला साखर कारखाना असलेल्या या भागाला उसापासून इंधन ही काही नवलाची गोष्ट नाही. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं आणि प्लग पांढरट दिसू लागतो. असा प्लग पाहून थंड प्लग घालायचा मोह होतो. तो चुकीचा इलाज आहे, दुरुस्ती कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये हवी. ऑक्सिजन सेन्सर असलेली एमपीएफआय गाडी हा फरक बहुतांशी स्वतःच सांभाळून घेते. तिथे प्लगचा क्रमांक बदलायचं काही कारण नाही.

चाळीस वर्षांत चकचकीत डबा कधी इंजिनाच्या पुस्तकापेक्षा शहाणा ठरलेला नाही. नवा प्लग घ्यायला जाताना पुस्तकातला क्रमांक लिहून न्यावा आणि जुने प्लग सोबत ठेवावेत, कोणता कुठल्या सिलिंडरचा ते खूण करून. टोक फिकट तपकिरी असेल तर त्याच जातीचे नवे प्लग घ्यावेत. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर, मिश्रण आणि रोजच्या आखूड फेऱ्या यांच्याकडे बघावं. ओलं, चिकट काळं असेल तर आधी इंजिनाच्या खर्चाचा विचार करावा आणि तोवर साधा निकेलचाच प्लग घालावा. इंजिन गार असताना प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवावा. वायसर नवा असेल तर त्यापुढे पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि जोर दाखवायची ती जागा नव्हे.

पंधरा वर्षांनंतर पासिंग नूतनीकरणाला गेलेल्या गाडीची चाचणी धुरावरही होते. मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल तिथे यंत्राच्या आकड्यांत उमटतं. योग्य क्रमांकाचे चार साधे प्लग त्या दिवशी जे काम करतात, ते चुकीच्या क्रमांकाचं इरिडियम करत नाही.