आठ आठवड्यांचे गावकरी

जुलैत पेरण्या उरकल्या की बीड जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांच्या तालुका पानावर एक ठरलेला फोटो झळकतो. मारुतीच्या देवळासमोर रांगोळीने रेखलेला गावाचा नकाशा, भोवती एकसारख्या टी-शर्टातली पाच-सात पोरं, मागे बॅनर धरलेले सरपंच. मथळा : 'कृषिदूतांचे स्वागत'. मुली असल्या तर 'कृषिकन्या'.

ही मुलं बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाची. उपक्रमाचं कागदोपत्री नाव ग्रामीण कृषी कार्यानुभव. १९९२ च्या रंधावा समितीने त्याची शिफारस केली. पुढे पाचव्या अधिष्ठाता समितीने सत्राचे वीस आठवडे त्याच्यासाठी मोकळे केले. त्यातले आठ गावात शेतकऱ्यासोबत काढायचे, उरलेले कृषी विज्ञान केंद्र, पीकरोगांचं निदान, शेतमालाचा उद्योग आणि अहवाल यांत. मराठवाड्यात या पदवीचा कारभार परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं एक महाविद्यालय अंबाजोगाईत आहे, आणि जवळच दिघोळअंब्याला दीनदयाल शोध संस्थानचं कृषी विज्ञान केंद्र.

प्रात्यक्षिकांची यादी ठरलेली असते. माती नमुना, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, कामगंध सापळे. बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक मला विशेष आवडतं. किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना वेगवेगळे भिजवून शंभर लिटर पाण्यात एकत्र करायचे, मग त्यात लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. प्रयोगशाळा नको, साधन नको. बांधावरच्या कोणालाही निकाल दिसतो.

उगवणक्षमतेची चाचणीही तितकीच सोपी. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करायची आणि आठवडाभराने मोड मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर नेहमीच्या मापाने पेरायचं, कमी निघाले तर बियाणं वाढवायचं. २०२० च्या जूनमध्ये मराठवाडाभर सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणीची पाळी आली आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हापासून या गोणपाटाची किंमत गावाला कळली. पण ही चाचणी व्हायला हवी मे महिन्यात. जुलैत, रान हिरवं झाल्यावर ती करून दाखवली तर शेतकरी मान डोलावतो, चहा पाजतो, आणि फोटोला उभा राहतो.

खरं शिक्षण होतं ते मधल्या दिवसांत, जेव्हा यादीबाहेरचं काही अंगावर येतं. २०२२ च्या खरिपात बीड, लातूर, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं तिन्हीसांजेला बांधालगत टाकायची, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, असा उपाय. वाचायला दोन ओळी. पण एकट्याने वेचून भागत नाही, शेजारच्या रानातून त्या पुन्हा येतात. सगळ्या शिवाराने एकाच वेळी वेचायला हवं, आणि शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू असेल तर त्याला कोणी सांगायचं? कृषिविस्तार हा विषय खरा इथे सुरू होतो, आणि इथे शिकवणारा असतो तो शेतकरी. त्याच्याकडे मात्र गुणपत्रिकेतला एकही रकाना नाही.

पावसाळा सरता सरता मुलं गाव सोडतात. कापूस वेचणीला आलेला नसतो, तूर तर फुलावरही नसते. आणि बीडमध्ये त्यापुढे जे घडतं ते त्यांच्या पाहणीत येतच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणीकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि थोडी पोरं उरतात. घरोघरच्या पाहणीत मात्र जुलैतच 'व्यवसाय : शेती' असं लिहून झालेलं असतं.

आठातले दोन आठवडे मेअखेरीला आणि दोन दिवाळीनंतर टाकता येतील का? मेअखेरीला परीक्षा आडव्या येतात, आणि आठवडे असे तोडले तर राहण्याची सोय दोनदा करावी लागेल. दिवाळीनंतरचे दोन निदान जमण्यासारखे आहेत. तेव्हा सत्र चालूच असतं आणि मुलं जवळच्याच कृषी विज्ञान केंद्रात बसलेली असतात.