आडात आहे, पोहऱ्यात आले का?

शके १५०६, म्हणजे सन १५८४. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करताना मूळ शब्द बदलले होते, पदरच्या ओव्याही घुसल्या होत्या. ग्रंथ पोचला होता. जसाच्या तसा पोचला नव्हता.

आजही हाच प्रश्न आहे, फक्त कागदाच्या जागी संगणक आला. संगणकाच्या आज्ञांचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड. जगभरचे प्रोग्रामर तो एकमेकांना मोफत देतात. आता समजा, संग्रामपूरची एखादी विद्यार्थिनी तो उतरवून घेते आहे आणि मध्येच नेटवर्क गेले. फाइल दिसते, पण अर्धीच. आडात असूनही पोहऱ्यात आले नाही!

माझी नोकरीची वर्षे बँकेत गेली. तिथला पहिला धडा : रक्कम हाती आली तरी मोजून घ्या. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा : बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे. एका नोंदीत शंभर कमी, दुसरीत शंभर जास्त, की बेरीज बिनचूक! तसेच फाइलचा आकार जुळणे पुरेसे नाही. म्हणून तिचा गणिती ठसा काढतात. 'शा-२५६' पद्धतीत फाइल केवढीही असो, ठसा ६४ अक्षरांचा. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार बदलतो. देणाऱ्याने जाहीर केलेला ठसा आणि आपण काढलेला ठसा जुळला पाहिजे. मात्र दोन्ही एकाच थैलीतून आले तर काय उपयोग? थैली बदलणारा ठसाही बदलेल. सही ताडायची, तर नमुना आपल्या दप्तरातला हवा.

बरे, पूर्ण आले. पण चालते का? मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प अडले. म्हणून सोबत काय काय लागते, कोणत्या आवृत्तीचे लागते, याची यादी आणि चाचण्या देणाऱ्यानेच द्याव्यात. आपल्या चुलीवर आपला स्वयंपाक जमतोच. परक्या चुलीवर करून पाहावा, तसा कोड दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर चालवून पाहावा.

गळण्याइतकेच भय घुसण्याचे. 'एक्सझेड' या सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या वाटपाच्या गाठोड्यात उघड भांडारात नसलेला मजकूर दडवून चोरदरवाजा ठेवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले. त्याने खोदून पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी बिंग फुटले. इथे ठसा कदाचित जुळलाही असता, कारण देणाऱ्याच्या हातूनच ती खोट आली होती. मूळ भांडाराशी ताडणे हाच उपाय.

वाचकहो, मोफत मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण ज्या गाईच्या दुधावर घर चालणार, तिचे दात मोजलेलेच बरे. आणि देणाऱ्यानेही लक्षात ठेवावे : संग्रामपूरची ती मुलगी अडली, तर तिच्या हाताशी तुम्ही नसाल; तुम्ही दिलेली यादी आणि चाचणी मात्र असेल.