भोके पाडली की अतिवाहकता टिकते

पातळ अतिवाहक पटलात चुंबकीय क्षेत्र सुट्या भोवऱ्यांच्या रूपात शिरते. प्रत्येक भोवऱ्यात ठरलेलाच फ्लक्स, २.०७ फेम्टोवेबर. विद्युतधारा हे भोवरे सरकवते आणि रोध उपजतो. पटलाला नियमित भोके पाडली, तर भोवरे त्यांत अडकतात. भोके चौरस मांडणीत १०० नॅनोमीटर अंतरावर असतील, तर सुमारे ०.२ टेस्लाला भोकागणिक एक भोवरा बसतो आणि रोध घटतो. आक्षेप असा, की १९६२ च्या लिटल-पार्क्स प्रयोगात भोवरे न अडकताही, मूळ अतिवाहकताच कमीजास्त होऊन, क्षेत्र बदलताना रोध असाच ठरावीक अंतराने वरखाली झाला होता. मग श्रेय अडकण्यालाच का? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) तपासलेल्या, भोके पाडलेल्या नायोबियम नायट्राइडच्या पटलांनी याचा बराचसा निकाल लावला. क्षेत्र बदलताना पटलाला झेपणारी कमाल धारा आवर्तने दाखवते, ऊर्जाफट, म्हणजे अतिवाहकतेच्या बळाचे माप, मात्र दाखवत नाही. मूळ अतिवाहकताच कमीजास्त होत असती, तर फटही हलली असती.