ठासणीच्या रायफलचा बार

ठासणीच्या बंदुकीला आजच्यासारखे धातूचे काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर गोळी ठेवून गजाने तळापर्यंत ठासायची आणि मग कानाशी रंजक घालायची किंवा टोपी चढवायची. दारू किती, गोळी कोणती, ती किती घट्ट बसवायची हे आधुनिक रायफलमध्ये कारखाना ठरवून देतो. इथे ते प्रत्येक बाराला नेमबाजाच्याच हातात असते. त्यामुळे निशाण नेमके लागते की गोळ्या विखुरतात, याचा निम्मा निकाल चाप ओढण्याआधीच लागलेला असतो. शिवाय एकाच कारागिराने घडवलेल्या दोन नळ्यांनाही एकच बार, म्हणजे दारू-गोळीचा एकच मेळ, मानवेल असे नाही. प्रत्येक नळीचा बार वेगळा शोधावा लागतो. अमेरिकेत हा छंद जोपासणारे हजारो लोक आहेत. तिथली ठासणीच्या रायफलवाल्यांची राष्ट्रीय संघटना 1933 मध्ये स्थापन झाली आणि इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या लहानशा गावी तिच्या स्पर्धा भरतात.

कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर दिसणारी ठासणीची बंदूक बहुधा गुळगुळीत नळीची असते आणि तिच्यात छरे भरले जातात. रायफलची गोष्ट वेगळी. तिच्या नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी आपला तोल राखते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी लांब नळीची जी रायफल घडवली, तिच्यात शिशाची गोल गोळी वापरत. पुढे सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी नळी आखूड आणि जाड केली, पण गोळी गोलच राहिली.

गोल गोळी नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान असते. अर्धा इंच व्यासाच्या नळीत साधारण 0.490 इंचाची गोळी घालतात. शुद्ध शिशाच्या अशा गोळीचे वजन सुमारे 177 ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते. उरलेली फट भरून काढते ती कापडाची चिंधी. चरबी, मेण किंवा तेल लावलेली सुती चिंधी गोळीभोवती गुंडाळली जाते आणि तीच खाचांत रुतून गोळीला फिरवते. चिंधीची जाडी इंचाच्या एका सहस्रांशाने बदलली तरी निशाणावर फरक पडू शकतो. म्हणून जाणते लोक कापड विकत घेताना सूक्ष्ममापीने मोजून घेतात. ही मंडळी शिंप्यापेक्षाही चोखंदळ म्हणायची.

चिंधी आणखी एका कामाची असते. बार उडाल्यावर ती काही हात पुढे जमिनीवर पडते आणि तिच्यावर नळीतली सारी हकीकत उमटलेली असते. मध्यभागी काळा डाग आणि कडा शाबूत असतील तर सारे ठीक. ती जळून भोके पडली असतील तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी पडले आहे. खाचांच्या अंतराने कापल्यासारखी दिसली तर नळीच्या तोंडाच्या किंवा खाचांच्या कडा धारदार राहिल्या आहेत. हा अभ्यास न करता दारूच कमीजास्त करत बसणारा नेमबाज बहुधा दिवस फुकट घालवतो.

गोळीचा आकार बदलला की पिळाचे गणितही बदलते. गोल गोळीला सावकाश पीळ पुरतो. 66 इंचांत एक फेरा हे त्याचे प्रचलित माप आहे. लांबट गोळी मात्र वेगाने फिरवली नाही तर हवेत कोलमडते. जोसेफ व्हिटवर्थने 1850 च्या दशकात षट्कोनी पोकळीची 0.451 इंची रायफल बनवली आणि तिला 20 इंचांत एक फेरा इतका तीव्र पीळ दिला. 1860 मध्ये विम्बल्डनच्या स्पर्धेचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने चौकटीत जखडलेल्या या रायफलची दोरी ओढली आणि 400 यार्डांवर गोळी मध्याच्या दोन इंचांच्या आत बसली. त्याआधी काही वर्षे, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये, जनरल जॉन जेकब चार खाचांच्या स्वतःच्या रायफलची जेकबाबादच्या मैदानावर 2000 यार्डांपर्यंत चाचणी घेत होता. गोळीची लांबी आणि पीळ यांचे नाते सूत्रात बसवले ते जॉर्ज ग्रीनहिलने, 1879 मध्ये. 48 इंचांत एक फेरा देणाऱ्या नळ्याही मिळतात. त्या दोन्ही प्रकारच्या गोळ्या चालवतात, पण दोन्हींत सर्वोत्तम ठरतील याची हमी नसते.

लांबट गोळीला चिंधी नसते. फ्रान्सच्या क्लोद मिनिएने 1849 मध्ये बुडाशी पोकळ असलेली गोळी पुढे आणली. ती सहज आत सरकते आणि बार उडताच दाबाने फुगून खाचा धरते. 1853 ची एनफील्ड रायफल याच तत्त्वावर चाले: नळी 0.577 इंच, गोळी 530 ग्रेन, दारू सुमारे 70 ग्रेन. आपल्याकडे ही रायफल 1857 च्या युद्धातल्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांमुळे ठाऊक आहे. पण तिची एक तांत्रिक अडचणही त्याच युद्धात उघडी पडली. काजळी साचली की 0.568 इंचाची गोळी नळीत उतरेना. शेवटी 1859 मध्ये तिचा व्यास 0.550 इंचावर आणावा लागला. सैल गोळीही फुगून नीट बसते, असे आढळले.

आता दारू. सोरा 75, कोळसा 15 आणि गंधक 10 हे तिचे जुने प्रमाण. तिच्या दाण्यांचे आकार ठरलेले असतात: मोठ्या नळ्यांना जाड दाणा, लहान नळ्यांना बारीक, आणि रंजकेसाठी अगदी बारीक. ती ठरावीक मापाने, म्हणजे आकारमानाने घेतात. एक ग्रेन सुमारे 65 मिलिग्रॅम. आधुनिक धूरविरहित दारू अशा नळीत कधीच घालायची नसते, तिच्या दाबाने नळी फुटते. ठासणीची दारूही कुप्पीतून थेट नळीत ओतत नाहीत. नळीत एखादी ठिणगी जिवंत राहिली असेल तर कुप्पीच हातात फुटते.

नळीचा व्यास इंचाच्या जितक्या शतांशांचा, तितके ग्रेन दारू घेऊन सुरुवात करावी, असा जुना ठोकताळा आहे. तो सुरुवातीपुरता बरा. खरी मर्यादा बंदूक बनवणाऱ्याने दिलेली असते. टेकूवर बंदूक ठेवून 50 यार्डांवर पाच बार काढायचे, मग दारू पाच ग्रेनने वाढवून पुन्हा पाच. या काळात गोळ्या मध्यावर लागतात की नाही ते पाहायचे नसते. त्या एकमेकींपासून किती जवळ आहेत तेवढेच मोजायचे. दारू वाढवत गेल्यावर निशाणावरचा गोळ्यांचा घोळका आधी आवळतो आणि नंतर पुन्हा पसरतो. तो सर्वांत आवळतो तिथे थांबायचे. पुढची दारू वेगापेक्षा धूर आणि धक्काच अधिक देते. दारू ठरली की चिंधी, मग वंगण, मग गोळीचा व्यास. एका वेळी एकच गोष्ट बदलली नाही तर सुधारणा कशामुळे झाली ते कळतच नाही.

या साऱ्यात काजळी आड येते. या दारूच्या जळण्यातून निम्म्याहून अधिक भाग घनरूपातच उरतो आणि नळीला चिकटतो. म्हणून प्रत्येक बारानंतर ओलसर फडके एकदा फिरवून नळी सारखीच ठेवतात. गोळी दारूवर दर वेळी सारख्याच जोराने टेकवावी लागते. मध्ये फट राहिली तर नळीला धोका पोहोचतो. त्यासाठी पुष्कळ जण भरलेल्या नळीतून गज कुठवर बाहेर राहतो तिथे खूण करून ठेवतात.

माशी आणि दर्शक या नेम धरायच्या खुणांना हात लावायचा तो सर्वांत शेवटी. बार निश्चित झाल्यावर घोळका खाली पडत असेल तर पुढची माशी कानशीने घासून बुटकी करतात, म्हणजे गोळ्या वर चढतात. घासलेला धातू परत जोडता येत नाही, म्हणून कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतो आणि नेमबाज ती कानशीच्या दोन-तीन ओढींनीच कमी करत जातो.