तापीकांठचा नवशिका आणि समुद्राची फुटती लाट

खानदेशांतील माणसाला पाण्याची ओळख नाहीं असें कोणी म्हटलें, तर तें खरें नव्हे. मुलताईपाशीं उगम पावून सुमारें ७२४ किलोमीटर वाहत जाणारी तापी जळगांव आणि धुळें ह्या दोन्ही जिल्ह्यांतून जाते. चांगदेवापाशीं तिला पूर्णा मिळते; धुळें शहर ज्या पांझरेच्या कांठीं वसलें आहे ती पांझरा मुडावदपाशीं तिच्यांत येते. तिच्या कांठचे भोई पिढ्यान् पिढ्या जाळीं टाकीत आले, उतारूंना पैलतीरीं पोंचवीत आले. मरळ आणि वाम हे मासे खानदेशी स्वयंपाकघराला परके नाहींत. तथापि हीच तापी सुरतेच्या खालीं ज्या समुद्रास मिळते, तो समुद्र मात्र बहुतेक खानदेशी कुटुंबांस सहलीपुरताच ठाऊक असतो. अलीकडे कयाक नांवाची लहान होडी घेऊन समुद्रांत गळ टाकण्याचा छंद आपल्याकडेही आला आहे. जळगांवचा किंवा धुळ्याचा एखादा तरुण ह्या छंदापायीं प्रथमच समुद्रावर उतरतो, तेव्हां त्याचें नदीवरचें ज्ञान त्याला जितकें तारतें तितकेंच फसवितेंही.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्यूइट लोकांची शिकारी होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती बनवीत, आणि एकच माणूस दोन्ही टोंकांस पातें असलेल्या वल्ह्यानें ती चालवी. आजची मासेमारीची कयाक प्लास्टिकची असते. तींत शिरावयाचें नसून तिच्या पाठीवर बसावयाचें असतें. आंत पोकळी, वर खांचा, आणि वर आलेलें पाणी आपोआप निघून जावें म्हणून आरपार भोंकें. लांबी तीन ते चार मीटर आणि वजन पंचवीस-तीस किलो. ती सहसा बुडत नाहीं. पण उलटण्यास तिला फारसें निमित्त लागत नाहीं.

लाटांतून लहान होडी नेण्याची विद्या मात्र आपल्या देशास नवी नाहीं. तामिळ किनाऱ्यावरील कट्टुमरम् म्हणजे शब्दशः बांधलेलें लांकूड. चार-पांच ओंडके एकत्र बांधून कोळी त्यावर बसून लाटा ओलांडीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कृत्रिम बंदर उभें राहीपर्यंत मद्रासेस जहाजांतून उतरणारा प्रत्येक उतारू मसुला नांवाच्या होडींतूनच किनाऱ्यास येई. तिच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या नसून काथ्यानें शिवलेल्या असत, म्हणून लाटेच्या तडाख्यानें ती फुटण्याऐवजीं वांके. आपल्या मालवणाकडील होडीच्या बगलेस जें आडवें लांकूड दोन दांड्यांवर तरंगत असतें, तिला उलांडी म्हणतात. होडी कलंडूं नये हेंच तिचें काम. कयाकीला उलांडी नसते. तिची उलांडी म्हणजे तींत बसलेल्या माणसाची कंबर आणि त्याचें वल्हें.

आतां प्रश्न असा कीं, खानदेशच्या माणसानें जावें कोठें? जळगांवाहून नंदुरबारमार्गें आगगाडीनें सुरत सुमारें तीनशें किलोमीटर, आणि तेथून डुमसचा समुद्र हाकेच्या अंतरावर. नकाशा पाहणारास हेंच सोईचें वाटेल. परंतु सोय नकाशांत आहे, पाण्यांत नाहीं. खंबायतच्या आखाताचें तोंड नरसाळ्यासारखें अरुंद होत गेल्यामुळें तेथें भरतीचें पाणी भयंकर चढतें. आखाताच्या आंत भावनगरपाशीं भरती-ओहोटींतील अंतर सुमारें दहा मीटरांपर्यंत जातें. ओहोटीला समुद्र दूर हटतो आणि मागें चिखल राहतो. नवशिक्यास तेथें शिकण्यासारखें थोडें आणि अडकण्यासारखें फार. म्हणून प्रवास लांबला तरी कोकण बरें, आणि कोकणांतही जेथें खाडी व समुद्र शेजारीं असतील अशी जागा बरी. मालवणच्या दक्षिणेस देवबागपाशीं कर्ली खाडी समुद्रास मिळते. खाडीच्या शांत पाण्यांत वल्हें, तोल आणि विशेषतः उलटलेल्या होडीवर पुनः चढणें ह्यांचा दोन दिवस सराव करावा आणि मग लाटांकडे वळावें. वल्हें मारणें मेहरूणच्या किंवा नकाण्याच्या तलावासारख्या स्थिर पाण्यांतही शिकतां येईल. लाट तेथें शिकतां येत नाहीं.

लाट म्हणजे काय, हें नीट उमगल्याशिवाय पुढील सर्व सूचना पोपटपंची होतील. दादर ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला म्हणजे शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लहर धांवतांना दिसते. कणसें मात्र आपापल्या जागींच डुलतात. खोल समुद्रांत तसेंच घडतें. लाट पुढें जाते, पाणी जवळजवळ जेथल्या तेथें वर्तुळांत फिरतें. म्हणून खोल पाण्यांतली मोठी लाटही कयाकीला नुसती उचलते आणि खालीं ठेवते. पण एका लाटेपासून दुसरीपर्यंत जेवढें अंतर, त्याच्या निम्म्याहून पाणी उथळ झालें, कीं लाटेचा पाय तळाला लागूं लागतो. पाय अडखळतो, माथा मात्र त्याच वेगानें पुढें येऊं पाहतो. लाट आंखूड होते, उंच होते आणि शेवटीं कोसळते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली म्हणजे हें घडतें, असा स्थूल हिशेब आहे. कमरेइतकी लाट छातीइतक्या पाण्यांत फुटते. आणि फुटली कीं नियम बदलतो: आतां केवळ लाट नव्हे, तर पाणीच पुढें धांवूं लागतें. एक घनमीटर पाण्याचें वजन एक टन, हें लक्षांत घेतलें म्हणजे गुडघाभर फेसांतही माणसाचे पाय कां सुटतात तें कळेल.

नदीवरचें ज्ञान येथेंच फसवितें. तापीचा ओढ एका दिशेचा आणि सततचा; पोहणारा त्याला तिरका छेद देऊन कांठ गांठतो. फुटत्या लाटांच्या पट्ट्यांत पाणी एका क्षणीं किनाऱ्याकडे लोटतें, दुसऱ्या क्षणीं पायांखालून समुद्राकडे खेंचतें. शिवाय लाटांनीं किनाऱ्याकडे आणलेलें पाणी कोठून तरी परत जाणारच. तें एखाद्या खोलगट चरांतून जोरानें बाहेर पडतें. तेथें लाटा कमी फुटतात, पाणी गढूळ दिसतें, आणि अजाण माणसास तीच जागा सर्वांत शांत वाटते. पुष्कळांचे प्राण ह्या शांतपणानेंच घेतले आहेत. अशा ओढींत सांपडलेल्या पोहणारानें किनाऱ्याकडे तोंड करून झुंजूं नये. किनाऱ्याला समांतर पोहून त्या चराच्या बाहेर यावें. निदान एवढ्या बाबतींत तापीवर शिकलेला तिरका छेद उपयोगीं पडतो.

केव्हां उतरावें, ह्याचें उत्तर कांहीं अंशीं घरच्या पंचांगांतच आहे. तिथीस पाऊण तासानें गुणलें कीं मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ ठोकळमानानें निघते: चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येचें उधाण नवशिक्यानें टाळावें आणि अष्टमीच्या आसपासचा भांग धरावा. तेव्हां पाण्याची चढउतार कमी असते. मालवणची नेमकी वेळ मात्र तेथील गाबीत मच्छीमारांस विचारावी, आणि ते आज जाऊं नका म्हणाले तर कारण विचारीत बसूं नये. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारीं समुद्राकडून खारा वारा येतो आणि पाणी खवळवितो. म्हणून उजाडतांच जाऊन उन्हें चढण्यापूर्वीं परतावें. जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ तर वर्ज्यच. यांत्रिक नौकांसही ह्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीस बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करण्याची चाल आहे ती उगीच नव्हे. निरभ्र, निवांत दिवशींही कधीं कधीं मोठ्या लाटा येतात. त्या दूर दक्षिण महासागरांतील वादळांनीं उठविलेल्या असतात आणि दिवसेंदिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्यास लागतात. त्यांची पूर्वसूचना हैदराबाद येथील इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. ती निघण्याच्या आदल्या रात्रीं पाहावी.

किनाऱ्यावर आल्यावर पहिलें काम कांहींच न करण्याचें. पंधरा-वीस मिनिटें उभें राहून लाटा मोजाव्या. त्या एकसारख्या येत नाहींत. कांहीं मोठ्या लाटांचा घोळका येतो, मग थोडा वेळ उसंत मिळते. रापणीची होडी लोटणारे लोक हीच उसंत हेरतात. तोंवर सामानाची तजवीज करावी. लाइफ जॅकेट अंगांत आणि पट्टे घट्ट. शिटी गळ्याशीं न लोंबतां जॅकेटाला अडकविलेली. गळाच्या काठ्या लांबीनें आडव्या निजवून बांधाव्या, गळ झांकून ठेवावे, सैल दोरी कोठेंही राहूं देऊं नये. उलटलेल्या होडीखालीं पायाला गुंडाळलेली दोरी लाटेपेक्षांही वाईट.

उसंत मिळतांच होडी गुडघाभर पाण्यांत न्यावी, तिची नाळ, म्हणजे पुढचें टोंक, लाटांकडे नेमकी सरळ धरावी, चढून बसावें आणि वल्हें मारूं लागावें. येथें नवशिका हमखास एक चूक करतो: समोरून लाट येतांना पाहून तो थबकतो. थबकलेली होडी लाट मागें ढकलते, ढकलतां ढकलतां आडवी करते, आणि आडवी झाली कीं उलटविते. वेगांत असलेली होडी मात्र लाटेचा माथा कापून पलीकडे उतरते. अंग पुढें झुकवून, लाट छातीवर आदळली तरी वल्हें पाण्यांत ठेवून, फुटत्या पट्ट्याच्या बाहेर पडेपर्यंत थांबूं नये. मागें वळून तर मुळींच पाहूं नये. हें सर्व बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपतें.

बाहेरच्या पाण्यांत एकाएकीं शांत वाटतें, आणि कित्येकांना तेथेंच मळमळूं लागतें. दृष्टि क्षितिजावर ठेवावी म्हणजे बरें वाटतें. नांगर टाकावयाचाच झाला तर त्याची दोरी नाळेस किंवा पिछाडीस बांधावी, बगलेस कधींही नाहीं. बगलेस ओढलेली होडी पहिल्या मोठ्या लाटेस कलंडते. खडकांच्या आसपास तांबोसा, मोकळ्या पाण्यांत बांगड्यांचे थवे मिळण्याचा संभव असतो. परंतु गळास शिंगाळाही लागतो आणि पाकटही. शिंगाळ्याच्या परांचे कांटे आणि पाकटाच्या शेपटीचा कांटा विषारी असतो. नदीवर मासा मांडीवर ओढून घेण्याची संवय असलेल्यानें हें विसरूं नये. असा मासा आंत न घेतां दोरी कापून सोडून द्यावा.

परतणें हें जाण्याहून अवघड आहे. जातांना लाट दिसते. येतांना ती पाठीमागून येते. मागची लाट होडीची पिछाडी उचलते, नाळ खालीं घुसते, आणि पिछाडी पुढें जाण्याच्या धडपडींत होडी गर्रकन् आडवी फिरते. म्हणून लाटांच्या पट्ट्याबाहेर थांबावें, सर्व सामान पुनः बांधावें, मोठा घोळका जाऊं द्यावा आणि शेवटच्या लाटेच्या पाठीवर तिच्या मागोमाग किनारा गांठावा. तिच्या पुढें नव्हे. इतकें करूनही होडी आडवी झालीच, तर मन सांगेल त्याच्या उलट करावें: किनाऱ्याकडे न कलतां येणाऱ्या लाटेकडेच अंग झुकवावें आणि वल्ह्याचें पातें तिच्या फेसावर टेकवावें. पडल्यास होडीच्या समुद्राकडील बाजूस राहावें. होडी आणि किनारा ह्यांच्या मध्यें सांपडलेल्या माणसावर पुढची लाट पाण्यानें जड झालेली होडी आणून आदळते. हात-पाय मोडतात ते बहुधा असेच, आणि तेही कमरेभर पाण्यांत, जेथें सर्व संपलें असें वाटूं लागतें.

पहिल्या फेरींत दोन-चार बांगडे मिळाले तर तें पुष्कळ झालें. ते जळगांवास घरीं नेण्याचा मोह मात्र आवरावा. बांगड्याच्या मांसांत उष्णतेनें हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें आणि तें शिजविल्यानें नाहींसें होत नाहीं. अशा माशाच्या सेवनानें अंगावर गांधी उठतात, डोकें दुखतें, उलट्या होतात. मासा पाण्याबाहेर येतांच बर्फांत गेला पाहिजे, आणि कयाकीवर नेतां येणारा बर्फ खानदेशपर्यंत पुरणारा नव्हे. तेव्हां तो त्याच दिवशीं, तेथेंच, ज्या घरीं उतरलें असेल त्या घरच्या चुलीवर शिजवावा.