लीगचा पत्ता नव्हता, कोचवरून भांडण मात्र जोरात!

"क्रॅटकीले काढाच लागते बे!"

"काढून आणशील कोणाले? तुह्या मामाले?"

२०२५ च्या पोळ्याची संध्याकाळ. बैलांची मिरवणूक संपलेली, घरोघरी पुरणपोळ्या हाणून झालेल्या, आणि गोंदियाजवळच्या नागऱ्यात एका पानठेल्यासमोर सात-आठ पोरं एका चेक माणसाच्या नोकरीवरून एकमेकांवर तुटून पडलेली. पानठेलेवाल्या काकांना या माणसाचं नाव आता पाठ झालंय. पीटर क्रॅटकी. मुंबई सिटी एफसीचा तेव्हाचा कोच. "त्यानं पगार बुडवला का तुमचा?" काकांनी विचारलं. सगळे हसले, आणि लगेच भांडण पुढे सुरू.

नागरा म्हटलं की लोकांना जुनं शिवमंदिर आठवतं, महाशिवरात्रीची जत्रा आठवते. फुटबॉल कोणालाच आठवत नाही. आठवायचं कारणही नाही. गावात धड गोलपोस्ट नाही, दोन विटा ठेवल्या की झालं. क्रिकेटचे टेनिस बॉल सामने मात्र बारा महिने. मग ही पोरं हजार किलोमीटरवरच्या क्लबच्या मागे लागली कशी?

उत्तर लॉकडाऊनमध्ये आहे. २०२०-२१ चा आयएसएल सीझन पूर्णच्या पूर्ण गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला होता. आमची बारावी तेव्हा घरात बसून चालली होती. संध्याकाळी करायला काही नव्हतं आणि मोबाइलवर मॅच दिसायची. सर्जियो लोबेरा कोच होता. १३ मार्च २०२१ ला फायनलमध्ये एटीके मोहन बागानविरुद्ध १-१ असताना नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल मारला आणि मुंबई जिंकली. लीग शील्ड आणि कप, दोन्ही एकाच वर्षी. त्या रात्री आमच्या ग्रुपवर जे मेसेज पडले ते इथं छापता येणार नाहीत. ग्रुपचं नावही नाही.

तेव्हापासून आम्ही 'मुंबईवाले'. खरं तर गोंदिया स्टेशनवर उभं राहिलं की एका बाजूची गाडी हावड्याला जाते आणि दुसऱ्या बाजूची मुंबईला. बंगालच्या क्लबचे फॅन होणंही तितकंच सोपं होतं. आमच्यातला एक तसा आहेच. तो अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या अरुणनगरचा. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या ज्या वसाहती आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यातलं हे एक गाव. गोंदियात शिकायला आला, नागऱ्यात खोली घेऊन राहतो. मराठी आमच्याइतकीच फाडफाड, पण क्लब ईस्ट बंगाल. "आमचे आजोबा येताना बाकी काही आणू शकले नाही, हे तेवढं आणलं," असं तो म्हणतो. यावर कोणी काय बोलणार?

तर मुद्दा क्रॅटकीचा.

क्रॅटकी डिसेंबर २०२३ मध्ये आला. त्याआधी डेस बकिंगहॅम होता, ज्याचं नाव निघालं की आमचा राइस मिलमध्ये कामाला असलेला दादा अजून हळवा होतो. बकिंगहॅमच्या टीमनं २०२२ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं होतं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय. पुढच्या वर्षी लीगमध्ये ओळीनं १८ सामने न हरता शील्ड जिंकली. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, सीझन ऐन रंगात असताना, तो इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेला. दादाचं म्हणणं, "सोन्यासारखी टीम क्रॅटकीले आयती भेटली. पहिल्या वर्षीचा कप बकिंगहॅमचाच समजायचा."

हे मला पटत नाही. आयती टीम मिळाली हे खरं, पण तो सीझन आठवा. मुंबईला शील्डसाठी शेवटच्या दिवशी कोलकात्यात फक्त हरायचं नव्हतं. मोहन बागानकडून २-१ नं हरले. ४७ पॉइंट्स विरुद्ध ४८. अशा धक्क्यानंतर टीम कोसळते. पण सेमीफायनलमध्ये गोव्यात काय झालं?

ती रात्र सांगायलाच हवी. २४ एप्रिल २०२४. आम्ही सगळे एका मित्राच्या बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत. वाढपी म्हणून राबत होतो आणि एकाच्या खिशात मोबाइल चालू होता. नव्वद मिनिटं होत आली, गोवा २-० नं पुढे. डेटा वाचवायला म्हणून त्यानं मॅच बंद केली. पंधरा मिनिटांनी बुंदीचं ताट हातात असताना कोणीतरी स्कोअर पाहिला. मुंबई ३-२. छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. तीन गोल, तेही नव्वदाव्या मिनिटापासून पुढे! ज्यानं मोबाइल बंद केला होता त्याला आजही 'डेटा बचाव' म्हणतात. मग ४ मे ला त्याच कोलकात्यात, त्याच मोहन बागानला, आधी एक गोल खाऊन ३-१ नं हरवून कप आणला. त्यातलाही दुसरा गोल बिपिनचा. एवढं सगळं बकिंगहॅम ऑक्सफर्डहून रिमोटनं करत होता का?

दादा मात्र दुसऱ्या वर्षावर बोट ठेवतो, आणि तिथं माझी बोलती बंद होते. २०२३-२४ मध्ये मुंबईनं लीगच्या २२ सामन्यांत ४२ गोल मारले आणि १९ खाल्ले. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत मारले २९, खाल्ले २८. सहावा नंबर. नऊ मॅचेस ड्रॉ. लीगच्या शेवटी बेंगळुरूला त्यांच्याच घरी २-० नं हरवून कसंबसं प्लेऑफ गाठलं, आणि मार्च संपता संपता त्याच मैदानात त्याच बेंगळुरूकडून ५-० खाल्ले. पाच! मी तेव्हा हॉस्टेलवर होतो. तिसऱ्या गोलनंतर ग्रुप म्यूट केला.

त्या पाचातला एक गोल जॉर्ज परेरा डायझचा होता. आणि खरी मेख इथं आहे.

गेले कोण, आले कोण

कप जिंकलेल्या टीमचं २०२४ च्या उन्हाळ्यात काय झालं बघा. डायझ गेला बेंगळुरूला. अल्बर्टो नोगेरा बेंगळुरूला. कॅप्टन राहुल भेके, तोही बेंगळुरूला. मिडफिल्डचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला, आणि तिथं पहिल्याच वर्षी त्यानं शील्ड आणि कप दोन्ही उचलले. मुंबईत कोण आलं? ग्रीसचा निकोस करेलिस आला, गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस आला. दोघंही वाईट नाहीत. पण चार खांब काढून दोन लावले तर मांडव कलणारच, आणि आपण शिव्या द्यायच्या मांडववाल्याला.

"पण मांडववाल्यानंच सांगितलं असंल ना, हे खांब नको म्हणून!" ग्रुपमधला गोलकीपर म्हणाला. हा पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे पाच वाजता पळतो आणि संध्याकाळी आमच्या विटांच्या गोलमध्ये उभा राहतो.

इथंच आपल्याकडच्या फॅनची पंचाईत होते. युरोपात एखादा खेळाडू विकला की कितीला विकला, कोणी विकला, कोचला तो हवा होता की नको, सगळं छापून येतं. आपल्याकडे क्लब एक पोस्टर टाकतो, 'थँक यू' लिहितो, विषय संपला. रक्कम बहुतेकदा गुलदस्त्यात. करार संपलेला खेळाडू तर तसाच उठून जातो, क्लबला रुपया मिळत नाही. मग कोच जबाबदार की मॅनेजमेंट हे ठरवायचं कशावरून? पानठेल्यावर, आवाज कोणाचा मोठा यावरून.

२०२५ च्या उन्हाळ्यात तर जखमेवर मीठ. सेंटर बॅक मेहताब सिंग मोहन बागानला गेला. आणि बिपिन, आमचा बिपिन, २०१८ पासून मुंबईत असलेला, दोन फायनलमध्ये गोल मारलेला बिपिन, ईस्ट बंगालला.

ही बातमी आली तेव्हा अरुणनगरवाल्यानं ग्रुपवर फक्त एक मिठाईचा इमोजी टाकला. त्याला दोन दिवस ग्रुपमधून काढलं होतं.

गंमत अशी की क्रॅटकीविरोधी आणि क्रॅटकीसमर्थक, दोन्ही पार्ट्यांना बिपिनचं जाणं आपलाच पुरावा वाटतं. दादा म्हणतो, ज्या कोचला बिपिन सांभाळता येत नाही त्याला ठेवायचं कशाला. मी म्हणतो, बिपिन तिशीत आलाय, २०२४-२५ च्या सीझनला पहिल्यासारखा दिसत नव्हता. हे म्हणताना मला स्वतःलाच बरं वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग त्याच्या जागी कोच कोण? तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, खालिद जमील. पण तो आता मिळणार नव्हता. १ ऑगस्ट २०२५ ला तो भारताच्या टीमचा कोच झाला. तेरा वर्षांनी भारतीय माणूस या खुर्चीत बसला. आणि तो मुंबई एफसीचा जुना कोच. २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यानं आय-लीग जिंकून दिली होती. २०२४-२५ च्या सीझनला त्याचं जमशेदपूर लीगमध्ये मुंबईच्या एक नंबर वर होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुपर कपच्या सेमीफायनलमध्ये त्यानंच मुंबईला १-० नं घरी पाठवलं. "तो मोकळा फिरत होता तवा कोणी विचारलं नाही. आता देशानं नेला," दादा म्हणाला. यावर पहिल्यांदाच सगळ्यांच्या माना एका दिशेनं हलल्या.

पण खेळणार कुठं?

एवढा वेळ एक गोष्ट कोणी बोलत नव्हतं. ती 'डेटा बचाव'नं काढली. "तुम्ही कोच बदला, प्लेअर बदला. लीगच नाही ना भाऊ."

११ जुलै २०२५ ला, तेव्हा आयएसएल चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीनं क्लबना कळवलं होतं की त्या वर्षीचा सीझन तूर्त थांबवतोय. कारण कागदाचं. भारतीय फुटबॉल महासंघाशी कंपनीचा २०१० मध्ये पंधरा वर्षांचा करार झाला होता, वर्षाला ५० कोटी रुपयांचा. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. म्हणजे नेहमीसारखी सप्टेंबरमध्ये लीग सुरू केली असती तर निम्म्यातच करार संपला असता. नवा करार करायचा तर महासंघाच्या घटनेचा वाद तेव्हा सुप्रीम कोर्टात होता. पोळ्याच्याच दिवशी त्यावर सुनावणी झाली. कोर्टानं दोघांना बोलणी करायला सांगितलं, पुढची तारीख दिली २८ ऑगस्ट. तोवर बेंगळुरूनं खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवले होते. हो, तेच बेंगळुरू, ज्यांनी आपले तीन नेले. मुंबई २०२५ च्या ड्युरँड कपलाही उतरली नव्हती. क्रॅटकी चांगला की वाईट हे ठरवायला आमच्याकडे एकसुद्धा नवी मॅच नव्हती.

आणि आमच्याकडे पैसे होते. १२,८०० रुपये.

जानेवारीत ठरलं होतं, यंदाच्या हिवाळ्यात अंधेरीला जाऊन मुंबईची एक मॅच डोळ्यांनी बघायची. आठ जणांनी महिन्याला दोनशे काढायचे. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते, स्लीपरनं जायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, मॅच बघून दुसऱ्या दिवशी परत. आमच्यातल्या एकानंही आजवर मोठ्या स्टेडियममधली मॅच बघितलेली नाही. दादाला मिलमध्ये सुट्टी मिळणं किती अवघड असतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानं धानाचा हंगाम धरून आत्ताच मालकाच्या कानावर घालून ठेवलंय. पैसे गोलकीपरकडे असतात, कारण तो खर्च करत नाही.

आता या पैशाचं करायचं काय? पोळ्याच्या संध्याकाळी खरं भांडण शेवटी यावर आलं. एकाचं म्हणणं, गोव्याला जाऊ. एफसी गोवा आणि रोनाल्डोचा अल नस्र एएफसीच्या एकाच गटात आलेत, रोनाल्डो बघू. "गोव्याचं भाडं पाह्यलं का? अन् तो येईलच याची गॅरंटी तू देतं?" दुसऱ्यानं उडवून लावलं. एकाला जर्सी हव्यात. गोलकीपरनं खाली बघत म्हटलं, गोलपोस्ट करून घेऊ, लोखंडी पाइपच्या दोन, गोंदियात वेल्डिंगवाला ओळखीचा आहे. त्यावर काही वेळ कोणी काही बोललं नाही.

"पायजे ते करा," दादा म्हणाला, "पण दिवाळीपर्यंत थांबा. लीग झाली तर मी जाणार. एकटा जाईन."

"अन् क्रॅटकी असला तर?"

"असला तर असला. त्याले तिथं जाऊन शिव्या देईन ना, इथून त्याले ऐकू कुठं जाते!"

काकांनी ठेल्याचा दिवा मालवला. अरुणनगरवाला जाता जाता हळूच म्हणाला की अंधेरीला जायचं ठरलं तर ईस्ट बंगाल येईल तीच मॅच निवडा, बिपिन दोन्हीकडून बघायला मिळेल. दादानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि गाडीला किक मारली.