घराचा खर्च कागदावर ठरतो : बांधकामाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

घर बांधायला काढले की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारी त्याच्या ठेकेदाराचा दर सांगतात, नातेवाईक सळईची कंपनी सुचवतात, गवंडी म्हणतो, "साहेब, इंजिनिअर कशाला, आम्ही शंभर घरं बांधलीत." यातले बरेचसे सल्ले ऐकीव असतात. आयुष्यभराची पुंजी आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते ज्या कामात ओतायचे, तिथे ऐकीव माहिती फार महागात पडते.

तालुक्याच्या गावी, शहराच्या कडेला किंवा खेड्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांच्या तोंडी वारंवार येणारे काही समज इथे तपासून पाहू. सगळ्याचे सार आधीच सांगतो : घराचा खर्च बराचसा पाया खणण्याआधी, कागदावर ठरतो. तिथे जे सुटते, ते नंतर जागेवर दामदुपटीने भरावे लागते.

गैरसमज १ : चौरस फुटाचा दर कमी, म्हणजे घर स्वस्त

वस्तुस्थिती : दर हा अर्धाच आकडा आहे. तो कशाला लावणार, हा दुसरा अर्धा.

एक उदाहरण घेऊ. पहिला ठेकेदार १,८०० रुपये दर सांगतो आणि १,००० चौरस फूट मोजतो. रक्कम झाली १८ लाख. दुसरा १,६५० रुपये सांगतो, पण त्याच नकाशात बाल्कनी, पोर्च आणि जिन्यावरची टोपी पूर्ण धरून १,१२० चौरस फूट मोजतो. रक्कम होते १८ लाख ४८ हजार. दीडशे रुपयांनी स्वस्त वाटलेला दर ४८ हजारांनी महाग पडला. म्हणून दर ठरवण्याआधी मोजमाप कशाचे आणि कसे, हे लिहून घ्यावे.

दुसरा प्रश्न, त्या दरात काय येते? जोत्याची उंची किती फुटांपर्यंत, भरावाचा मुरूम कोणाचा, फरशी आणि नळाच्या तोट्यांसाठी किती रुपयांपर्यंतचा माल, रंगाचे हात किती, हे करारात नसेल तर प्रत्येक बाब पुढे 'एक्स्ट्रा' म्हणून येते. कंपाऊंडची भिंत, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, वीजजोडणी, खिडक्यांचे ग्रिल, स्वयंपाकघरातील कपाटे या गोष्टी बहुतेक वेळा दराबाहेरच असतात. बांधकाम परवानगीचे शुल्क आणि आर्किटेक्टची फी वेगळी.

करारातच कराचाही मुद्दा येतो. एका स्वतंत्र घरासाठी फक्त मजुरीचा करार केला, तर त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही. मालासह ठेका दिला आणि ठेकेदार नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के जीएसटी लागतो. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीच्या दराने केलेले अंदाजपत्रक हातात असेल तर ते पुन्हा करून घ्या.

गैरसमज २ : स्लॅब पडला की घर झाले

वस्तुस्थिती : स्लॅब पडला की साधारण निम्मा खर्च झालेला असतो.

पाया, कॉलम, भिंती, स्लॅब हे डोळ्यांना दिसणारे मोठे काम. त्यानंतर प्लास्टर, फरशी, वायरिंग, प्लंबिंग, दारे-खिडक्या, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि रंग ही कामे येतात. ती तुकड्यातुकड्यांनी होतात, म्हणून लहान वाटतात. बेरीज मात्र सांगाड्याच्या जवळ जाते.

कुठल्याही तालुक्याच्या गावी गिलाव्याविना उभी असलेली घरे दिसतात. बहुतेक ठिकाणी कारण एकच : सगळा पैसा सांगाड्यात संपला. पैसे कमीच असतील तर दोन खोल्या कमी करा, पण जे बांधाल ते दारा-खिडक्यांसह राहण्याजोगे पूर्ण करा.

गैरसमज ३ : पाया सगळीकडे सारखाच

वस्तुस्थिती : पायाचा खर्च जमीन ठरवते.

विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. घर अशा मातीवर टेकवले, तर दरवर्षी ते थोडे उचलले जाते आणि थोडे खचते. मग दारे अडकतात, खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. मुरूम किंवा खडक हाती लागेपर्यंत खाली जाणे, किंवा माती फारच खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल घेणे, हे त्यावरचे उपाय. कोकणात मुरमाड जांभ्या जमिनीवर हा प्रश्न सहसा नसतो. तिथे पाऊस आणि ओल यांचा विचार करून जोते उंच घ्यावे लागते.

म्हणून नकाशा पक्का करण्याआधी जागेवर एक-दोन खड्डे खणून माती बघावी. त्याचा खर्च किरकोळ असतो.

याला जोडूनच आणखी एक समज आहे : वरचा मजला नंतर बांधू, आत्ता पाया एका मजल्याचा पुरे. पुढे मजला चढवायचा असेल तर फुटिंग आणि कॉलम आजच त्या वजनासाठी काढावे लागतात. आज जो खर्च थोडा जास्त वाटतो, तो नंतर कॉलमला जॅकेट चढवण्याच्या खर्चापुढे काहीच नसतो. वर चढवायचे नक्की नसेल, तर विनाकारण मोठा पाया घेऊ नका.

गैरसमज ४ : लोखंड आणि सिमेंट जितके जास्त, तितके घर मजबूत

वस्तुस्थिती : मजबुती योग्य प्रमाणातून आणि पाणी मारण्यातून येते.

बीममध्ये प्रमाणाबाहेर सळई भरली, तर जादा वजन आल्यावर आधी काँक्रीट चिरडते आणि बीम पूर्वसूचना न देता तुटतो. सळई प्रमाणात असली की ती आधी ताणली जाते, तडे दिसतात, माणसांना सावध व्हायला वेळ मिळतो. म्हणजे जास्तीच्या लोखंडाचे पैसेही गेले आणि सुरक्षितताही गेली.

सिमेंटचेही तसेच. स्लॅबच्या दिवशी मिक्सरजवळ उभे राहून पाहा. माल घट्ट वाटला, डोक्यावरच्या घमेल्यातून नीट ओतला जाईना, की कोणीतरी पाइप सोडतो. माल पातळ होतो, काम भराभर उरकते आणि काँक्रीटची ताकद तिथेच घटते. आयएस ४५६ या भारतीय मानकात एम २० काँक्रीटच्या ठोक मिश्रणासाठी ५० किलोच्या एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे. दोन पोती सिमेंट जास्त घालण्यापेक्षा त्या दिवशी पाण्याचे माप धरणे अधिक मोलाचे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त एक मापाची बादली लागते.

त्यानंतर क्युअरिंग. त्याच मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सतत ओले ठेवायला हवे, आणि पीपीसीला १४ दिवस दिले तर उत्तम. उष्ण, कोरड्या हवेत १० दिवसांपेक्षा कमी चालतच नाही. चंद्रपूर-परभणीच्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून हे होत नाही. दुपारपर्यंत स्लॅब कोरडा पडतो. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून तो भिजता ठेवा.

सळई घेताना वजन करून घ्या. हिशोब सोपा आहे : जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. एक मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.६६ किलोची असते. मानकात थोडी घट-वाढ चालते, पण वजन पाच टक्क्यांहून जास्त कमी भरले तर माल परत पाठवा. आणि सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत ना, हे स्लॅब ओतण्याआधी स्वतः वाकून बघा. ब्लॉक नसतील तर सळई सेंट्रिंगला टेकते, काही वर्षांत गंजते आणि छताचे पापुद्रे पडू लागतात. समुद्राकाठी हे आणखी लवकर घडते.

गैरसमज ५ : इंजिनिअरची फी म्हणजे वाया गेलेला पैसा

वस्तुस्थिती : ही फी एकूण खर्चाच्या मानाने थोडी असते आणि बहुतेकदा लोखंडाच्या बचतीतच भरून निघते.

स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशात कुठल्या कॉलमला कितीची सळई, रिंगा किती अंतरावर, हे लिहिलेले असते. तो नसेल तर मिस्त्री अंदाजाने काही ठिकाणी दुप्पट लोखंड घालतो आणि नेमके जिथे हवे तिथे कमी. शिवाय मध्येच भिंत हलवली, संडास-बाथरूमची जागा बदलली, तर तोडण्याची मजुरी, राबिट उचलण्याची मजुरी आणि पुन्हा बांधण्याची मजुरी असे तिहेरी पैसे जातात. नकाशावरची रेघ पुसायला काही लागत नाही.

आणि ही बाब पैशांपुरतीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या भिंती जाड होत्या, पण कोपऱ्यांत एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. लिंटेलच्या उंचीवर सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा हे काम करतो. एकूण खर्चात त्याचा वाटा अगदी छोटा असतो.

गैरसमज ६ : बँक किंवा सरकार सगळे पैसे देते

वस्तुस्थिती : स्वतःचा वाटा आधी लागतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के आणि त्यापुढचे ७५ टक्के देता येते. बांधकामाचे कर्ज टप्प्याटप्प्याने, काम बघून मिळते. २० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १८ हजार येतो आणि एकूण परतफेड ४३ लाखांच्या पुढे जाते. म्हणजे हौसेपोटी वाढवलेला प्रत्येक लाख कर्जातून आला असेल, तर तो दोन लाखांहून महाग पडतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असावे लागते. भागाकार केला तर चौरस फुटाला ४४६ रुपये होतात. रोजगार हमीची मजुरी आणि राज्याच्या धोरणातली ५ ब्रास मोफत वाळू यांचा आधार होतो, तरी उरलेली रक्कम कुटुंबालाच उभी करावी लागते. ती सावकाराकडून येऊ नये, यासाठी आकार २६९ फुटांच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे.

गैरसमज ७ : कमी खर्चाचे घर म्हणजे हलके घर

वस्तुस्थिती : चांगली बचत रचनेत असते, मालात नव्हे.

१,००० चौरस फुटांचे घर २५ बाय ४० असे काढले, तर बाहेरची भिंत १३० फूट होते. तेच २० बाय ५० काढले तर १४० फूट. दहा फूट उंचीला पूर्ण एक ब्रास भिंत आणि दोन्ही अंगांचा गिलावा वाढला, खोल्या तेवढ्याच. संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर एकमेकांना लागून ठेवले की पाइप कमी लागतो. एका मजल्याचेच घर असेल आणि जमीन घट्ट असेल, तर कॉलमऐवजी भिंतींवर भार घेणारी रचनाही शास्त्रशुद्ध आणि टिकाऊ होते.

केरळमध्ये लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराने विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवणारी 'रॅट-ट्रॅप' बांधणी रुजवली. तिच्यात सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीमुळे घर थंड राहते. आपल्याकडे कोकणात जांभ्याचा चिरा, वीजनिर्मिती केंद्रांजवळ राखेच्या विटा जवळच मिळतात. वाहतूक वाचली की दर आपोआप उतरतो.

भूमिपूजनाची तारीख काढण्याआधी पाच कागद हातात घ्या : मातीचा अहवाल, मंजूर नकाशा, सळयांचा तक्ता, बाबनिहाय अंदाजपत्रक आणि मोजमापाची पद्धत लिहिलेला करार. अंदाजपत्रकावर दहा टक्के रक्कम आकस्मिक खर्चासाठी बाजूला ठेवा. हे पाचही कागद तयार होईपर्यंत एकही खड्डा पायासाठी खणू नका. महिनाभर उशीर झाला तरी चालेल, अर्धवट घर नको.